हॅलो, बाळाचं वय किती?

लग्नकार्यात कुणी विचारलं, "वंदनाताई, तुम्ही काय करता?" की मी सांगते, "फोन उचलते." लोकांना वाटतं कॉल सेंटर. मग सांगावं लागतं, की नाशिकच्या द्वारका चौकापासून जरा आतल्या गल्लीत लहान मुलांचं एक हॉस्पिटल आहे, तिथं मी सिस्टर आहे आणि काउंटरवरचा फोन माझ्याकडे आहे. एवढं म्हटलं की समोरचा खुर्ची जवळ ओढतो आणि म्हणतो, "मग काय काय फोन येत असतील ना?"

येतात. आणि माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे साठावेत तसे साठत जातात. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. म्हणून आज जे हाताला लागतील ते सांगते. नावं बदलली आहेत, कारण यातली बरीच बाळं आता मोठी होऊन स्वतः मोबाइल वाचतात.

आधी मॅडमची ओळख करून देते. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. बाळाचं वय किती? दूध पितंय का? शू केली का? "समोरचा कितीही घाबरलेला असू दे, आधी हे विचारायचं," त्या म्हणाल्या. "औषधाचं नाव तू सांगायचं नाहीस. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ताप असेल, तर एकच उत्तर. ताबडतोब घेऊन या."

कागद कधीच फाटला. प्रश्न मात्र झोपेतून उठवलं तरी तोंडातून येतात.

* * *

कामाला लागून महिना झाला असेल. निफाडकडच्या एका गावातून फोन आला. आवाज म्हातारा, घाबरलेला.

"बाई, आमचं बाळ सकाळपासून काय खायना. अंग नुसतं तापलंय."

"वय किती, आजी?"

"बत्तीस."

बत्तीस दिवसांचं बाळ आणि ताप. मॅडम आत पेशंट तपासत होत्या. मी आमच्या मदतनीस जिजाबाई मावशींना खूण केली, की त्यांना बोलवा. तोवर पुढचा प्रश्न.

"दूध पितंय का?"

"चहातून घेतो थोडं."

"आजी, बत्तीस दिवसांच्या बाळाला चहा देताय?"

"दिवस कुठले गं? वर्सं. बाळू माझा. काल दिवसभर द्राक्षाच्या बागेत भिजला. भाची म्हनली, तुमच्याकडं लय गुण येतो, तिच्या पोरीला आला व्हता, म्हनून लावला फोन."

मला थांबता आलं असतं. पण गाडी उतारावर होती. तिसरा प्रश्न तोंडातून गेलाच.

"शू केली का?"

मग आजी म्हणाल्या, "आता हे मी कसं इचारू? थांब, त्यालाच देते फोन."

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, बाळूची नीट चौकशी केली आणि त्याला गावातल्या मोठ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "यापुढे आकड्याच्या मागे दिवस, महिने की वर्षं, तेही विचारत जा."

* * *

मी मूळची संगमनेरची. नाशिक जिल्ह्यात राहायचं तर अहिराणी समजायला हवी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला सटाण्याच्या एका आजीनं शिकवलं.

"हॅलो, बाई, मी सटाणाथून बोली राहिनू. मना नातूनं इचारनं व्हतं."

"बोला आजी. वय किती?"

"पाच महिना."

"दूध पितोय का?"

"पी राहिना."

म्हणजे पिईना. मी पेन उचललं. "शू केली का?"

"मुती राहिना."

तेही होईना. "रडतोय का?"

"रडी राहिना."

दूध पीत नाही, लघवी होत नाही, रडण्याइतकीही ताकद नाही. माझा आवाज चढला. "आजी, खेळतोय तरी का?"

"खेयी राहिना ना," आजी म्हणाल्या. कौतुकानं म्हणाल्या, हे मला त्या वेळी कळलं नाही. त्या पुढे काहीतरी सांगायला लागल्या, "पन बाई, मी काय म्हन्तू..." मी म्हटलं, "आता काही बोलू नका. सटाण्यात डॉक्टर मिळाले तर आधी त्यांना दाखवा, नाहीतर गाडी करा आणि तडक निघा."

सटाण्यातले डॉक्टर नेमके त्या दिवशी गावाला गेले होते. मी इकडे बेड तयार ठेवला, सलाइनची तयारी केली, मॅडमनी ओपीडीतल्या लोकांना थांबायला सांगितलं. दोन-अडीच तासांनी दारात जीप थांबली. आजी, आजोबा, बाळाचे आईवडील, आणखी दोन काका आणि मधे बाळ. मी धावत गेले. बाळानं माझ्याकडे बघितलं, हसलं, आईच्या पदराआड शिरून दूध प्यायला लागलं आणि पिऊन झाल्यावर आजीची मांडी भिजवली.

सगळे माझ्याकडे बघताहेत, मी बाळाकडे बघतेय. जिजाबाई मावशी मालेगावकडच्या. त्यांनी आजींना काय काय झालं ते विचारून घेतलं आणि तोंडाला पदर लावला. "ताई, आमच्या अहिराणीत 'पी राहिना' म्हणजे पितोय. 'रडी राहिना' म्हणजे रडतोय."

"मी तं तेच सांगी राहिनू," आजी म्हणाल्या.

मॅडमनी बाळाला तपासलं. नाक जरा वाहत होतं, बाकी उत्तम. मी आजींची माफी मागितली. विचारलं, "मग तुम्ही फोन कशासाठी केला होता?"

"तेच इचारानं व्हतं," आजी म्हणाल्या. "सर्दी व्हयेल शे. आंगोय घालू का नको?"

जीप करून, सहा माणसं घेऊन, अख्खा दिवस घालवून आजी आंघोळीचा प्रश्न विचारायला आल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "कोमट पाण्यानं घाला."

* * *

ताप हा एक स्वतंत्र विषय आहे. "किती आहे?" विचारलं तर शंभरातले साठ लोक सांगतात, "खूप आहे." हातानं बघून. एकदा एका नव्या वडिलांनी सांगितलं, "चोवीस." मी म्हटलं, थर्मामीटर नीट धरा. ते म्हणाले, "नीटच आहे. हिरवा आकडा दिसतोय." पलीकडून बायकोचा आवाज आला, "अहो, तो एसी आहे."

हे गृहस्थ तरी मला परवडले. सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या कामावर असलेले एक वडील होते, ते फोन करायच्या आधी फोटो पाठवायचे. हॉस्पिटलच्या मोबाइलवर एका सकाळी चौदा फोटो आले. लंगोट. सगळ्या बाजूंनी. शेजारी स्टीलची पट्टी ठेवलेली, मोजमाप कळावं म्हणून. पाठोपाठ फोन.

"सिस्टर, ब्लड आहे. बाळ नऊ महिन्यांचं, दूध व्यवस्थित, शू चार वेळा. मागच्या वेळी तुम्ही हेच विचारलं होतं, म्हणून आधीच सांगतो."

फोटोत लाल दिसत होतं खरं. पण लाल कसं? रक्त असं जांभळट गुलाबी नसतं. "बाळ रडतंय का? पोट घट्ट वाटतंय?"

"नाही. बाळ बडबडतंय. मी रडायच्या बेतात आहे."

"काल जेवणात काय दिलं?"

"नेहमीचंच. खिमट, केळं..."

मागून त्यांच्या आई शांतपणे म्हणाल्या, "बीट."

"काय?"

"बीट किसून दिलं मी. रक्त वाढतं त्यानं."

मॅडमनी तरी बाळाला आणायला सांगितलं, बघितलं, बीटच होतं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या मोबाइलवर त्यांचा मेसेज आला. त्यांच्या कारखान्यात लिहितात तसा, एकाखाली एक.

प्रॉब्लेम: क्लोज्ड.
रूट कॉज: बीट.
पुढील कारवाई: आईशी बोलणे.
स्टेटस: पेंडिंग.

* * *

एक फोन फार छोटा आहे, पण सांगते. दुपारची वेळ, गर्दी नाही. फोन वाजला. उचलला तर कुणी बोलेना. नुसता श्वास. "हॅलो, बाळाचं वय किती?" तर पलीकडून, "बू."

मी परत हॅलो केलं. "बू बू." मग काहीतरी चाटल्याचा आवाज. आधीच्या दिवशी कुणीतरी आम्हाला फोन केला असणार, आणि आता तो मोबाइल पेशंटच्या हातात पडला होता. मी मॅडमना म्हटलं, "लहान पेशंट स्वतःच बोलतोय." मॅडमनी फोन घेतला, पाच मिनिटं ऐकत बसल्या. मधून मधून "हो का?", "मग?" असं विचारत होत्या.

फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, "आवाज स्वच्छ आहे. खोकला नाही. असे फोन सगळ्यांनी करायला हवेत."

* * *

आता हा जरा वेगळा.

घोटीला रेहाना नावाची मुलगी राहते. मुलगीच म्हणते मी, तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिचा अयान आमच्याकडे लशींना यायचा. नवरा ट्रकवर, गुजरातकडे फेऱ्या. त्या दुपारी सासूही नातेवाइकांकडे गेलेली. दोनच्या सुमारास फोन आला.

"सिस्टर, मी रेहाना. घोटीहून. अयानचं पोट लय जोरात हलतंय."

"वय किती झालं गं?"

"तीन महिने. परवाच पुरे झाले."

"दूध?"

"तोंड लावतो आन् सोडतो."

"शू?"

"सकाळी एकदा. मग नाय."

आवाजावरून काही फोन ओळखू येतात. हा तसा होता. रेहाना घाबरून ओरडत नव्हती, उलट फार हळू बोलत होती, जणू जोरात बोललं तर बाळाला त्रास होईल. मी म्हटलं, "त्याचा शर्ट वर कर. मी घड्याळ बघते, तू फक्त पोट बघ. पोट वर आलं की एक. मोठ्यानं मोज."

ती मोजायला लागली. तिसापाशी चुकली. "सिस्टर, चुकलं."

"परत. मी इथंच आहे."

परत मोजलं. मी सेकंदकाट्याकडे बघत होते. समोर ओपीडीत आया बसल्या होत्या, मघापासून बडबडत होत्या, त्या कधी गप्प झाल्या मला कळलं नाही. रेहानाचा आवाज स्पीकरवर होता. पन्नास झाले तरी काटा अर्ध्याच्या थोडाच पुढे. त्या वयाला मिनिटभरात पन्नासच्या वर गेलं की आम्ही काळजीत पडतो. मिनिट झालं तेव्हा ती चौऱ्याहत्तरवर होती.

"श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय का?"

"हो. दर वेळी."

मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. "नाशिकला नको," त्या म्हणाल्या. "आधी तिथंच, सगळ्यात जवळचा दवाखाना. ऑक्सिजन लागला पाहिजे. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलते."

मी रेहानाला विचारलं, गाडी कुणाकडे आहे. ती म्हणाली, समोर राइस मिल आहे, शंकरभाऊंची, त्यांचा टेम्पो दारात उभा आहे. पण मिल चालू आहे, हाक ऐकू जाणार नाही. मिलची घरघर मला फोनवरही येत होती.

"बाळाला घेऊन समोर जा. दिसलं की कळेल त्यांना. फोन बंद करू नकोस."

तिची पावलं ऐकू आली. घरघर मोठी होत गेली, इतकी की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. आणि मग ती घरघर बंद पडली. एकदम. एका माणसाचा आवाज आला, "बस, बस, पुढं बस." मग दार लावल्याचा आवाज.

दवाखान्यात पोचेपर्यंत ती फोनवर होती. मी काय बोलत होते ते मला आठवत नाही. जिजाबाई मावशी सांगतात, मी एकसारखं "हं, हं, आहे मी, आहे" एवढंच म्हणत होते. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, मॅडमशी बोलले, मग अँब्युलन्सनं अयानला आमच्याकडे आणलं. अँब्युलन्समागून टेम्पो. शंकरभाऊ आमच्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत भाताच्या तुसानं माखलेले होते. रेहाना रडली ती त्यांच्याकडे बघून, इतका वेळ नाही.

त्या संध्याकाळी मॅडमनी स्वतः चहा करून माझ्यापुढे ठेवला. इतक्या वर्षांत एकदाच. साखर घालायला विसरल्या होत्या. मी तसाच प्यायले.

अयान पाच दिवसांनी घरी गेला. पण रेहानाला मोजायची सवय लागली ती लागली. दर दोन-तीन दिवसांनी फोन. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "सिस्टर, आज अडतीस." मी म्हणायचे, "छान." फोन बंद. पुढच्या आठवड्यात, "सिस्टर, छत्तीस. झोपेत मोजले." हे वर्षभर चाललं. ओपीडीत आम्ही म्हणायचो, घोटीचा आकडा आला का?

मग मधे बरेच दिवस आकडा आला नाही. मीच न राहवून विचारलं, "काय गं, मोजत नाहीस?"

"कसं मोजू सिस्टर?" रेहाना म्हणाली. "एका जागी उभाच राहत नाय."

* * *

मॅडमच्या मुलीचं बाळंतपण नाशिकला झालं. मॅडम आजी झाल्या. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या बाळांना बघणारी बाई, तिला आता घरच्या बाळाचं काय वाटणार, असं आम्हाला वाटलं होतं. बाराव्या दिवशी मॅडमनी सुट्टी घेतली. साडेअकराला फोन.

"वंदना, मी बोलतेय."

मला आवाज ओळखू आला. पण शिस्त ती शिस्त. "बाळाचं वय किती?"

"अगं, बारा दिवस. तुला माहीत नाही का?"

"विचारायचं असतं, मॅडम. दूध पितंय का?"

"पितंय."

"शू केली का?"

"वंदना, सकाळपासून पाच वेळा."

"मग होतंय काय?"

मॅडमनी आवाज खाली आणला. मुलीनं ऐकू नये म्हणून असेल. "शिंकतंय. आत्तापर्यंत तीन वेळा शिंकलं."

मॅडम रोज ज्या शब्दांत लोकांना सांगतात, त्याच शब्दांत मी सांगितलं. "एवढ्या लहान बाळाचं नाक शिंकूनच साफ होतं, मॅडम. शिंक म्हणजे सर्दी नाही. अजिबात घाबरायचं नाही."

मॅडमचा आवाज परत नेहमीसारखा चढला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"बरं," मॅडम म्हणाल्या. मग पुन्हा हळू आवाजात, "तरी एकदा घेऊन येऊ का?"

* * *

आणि आता वाघ.

वाघ म्हणजे ट्रॅफिकचे हवालदार. द्वारका चौकात उभे राहायचे. ज्यांनी तो चौक बघितला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ट्रक, रिक्षा, एसटी, सगळे एकाच वेळी हॉर्न वाजवतात, आणि हा माणूस मध्ये शांत उभा. एक हात वर केला की चार रस्ते थांबायचे. एवढा मोठा देह, एवढ्या मिशा. पण घरी दोन महिन्यांचा मुलगा होता आणि तो संध्याकाळी सहाला रडायला लागला की वाघांचं काही चालायचं नाही.

मॅडमनी बाळाला दोनदा तपासलं होतं. वजन छान, पोट मऊ, कुठं काही नाही. काही बाळं या वयात रोज ठरावीक वेळी रडतात, मॅडमनी समजावलं, तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. वाघ म्हणाले, "मॅडम, तीन-चार महिने मी टिकेन का?" संध्याकाळी सहा ते आठ त्यांची बायको जरा झोपून घ्यायची आणि बाळ यांच्याकडे असायचं.

तर एके दिवशी सहाला फोन. मागे बाळाचा टाहो. "सिस्टर, वाघ बोलतोय. अर्जंट. आज जास्तच रडतोय."

त्याच वेळी दुसऱ्या लाइनवर एक बाई होत्या, त्यांच्या बाळानं नाकात वाटाणा घातला होता. मी वाघांना म्हटलं, "एक मिनिट, होल्डवर ठेवते." आमच्या फोनला होल्डची ट्यून आहे. टिंग टिंग टिंग, जरा थांबून परत टिंग टिंग टिंग. कुल्फीच्या गाडीवर वाजावी तसली. वाटाण्याचं बोलण्यात तीन-चार मिनिटं गेली. मग आठवलं, वाघ होल्डवर आहेत. घाईनं उचलला. बाळाचा आवाज येत नव्हता.

"हॅलो, वाघसाहेब? बाळ रडत नाहीये? काय झालं?"

वाघ कुजबुजले. "सिस्टर, झोपला होता. तुम्ही कशाला उचलला?"

आणि मागे परत टाहो.

"परत टाका," वाघ म्हणाले. "होल्डवर. लवकर."

मी टाकला. दुसरी लाइन मोकळी होती, पाच मिनिटं टाकला. मग अगदी हळूच उचलला. नुसता संथ श्वास. मीही न बोलता फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला. "सिस्टर, होल्ड."

मग रोजच. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, ट्यून रेकॉर्ड करून घ्या." वाघांनी केली. मोबाइलवर वाजवली तर बाळानं घर डोक्यावर घेतलं. तीच ट्यून, तोच आवाज, पण नाही. वाघांनी दुसरीकडचे होल्डही करून बघितले. मला यादी सांगितली. बँकेच्या होल्डवर काही फरक पडला नाही. गॅस एजन्सीच्या ट्यूनवर जास्त रडला. एका विमा कंपनीनं होल्डवर ठेवलंच नाही, लगेच बोलायला लागले. "तुमचाच पाहिजे," वाघ म्हणाले. मला उगाचच बरं वाटलं.

आम्ही मग व्यवस्था लावली. सहा ते सव्वासहा दुसरी लाइन वाघांची. पेशंट म्हणायचे, ती लाइन बिझी का लागते? जिजाबाई मावशी सांगायच्या, "झोपवणं चालू आहे."

असे दोन महिने गेले असतील. एका संध्याकाळी सहा वाजले, फोन आला नाही. सव्वासहा झाले. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. "वाघांचा आला?"

"नाही."

त्या तिथंच काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. साडेसहाला मला राहवेना. मीच फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. मागे काही आवाज नाही.

"वाघसाहेब, बाळ बरं आहे ना?"

"बरं आहे, सिस्टर. खेळतंय. आज रडलाच नाही."

"मग कळवायचं ना. आम्ही इथं काळजीत."

"करणार होतो फोन," ते म्हणाले. मागे बाळ कशाला तरी हसलं. "पण काय सांगून करू कळेना."

"म्हणजे?"

"सिस्टर, लाइन मोकळी आहे का?"

"आहे."

"मग दोन मिनिटं टाकता का होल्डवर?" वाघ म्हणाले. "मलाच."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी टाकला.